अणुभट्टीचे वय कोण ठरविणार?

देशाच्या अणुऊर्जा क्षेत्राचा कायदेशीर पाया डिसेंबर २०२५ मध्ये अवघ्या चार दिवसांत बदलला. 'शांती' या संक्षेपाने ओळखले जाणारे विधेयक १५ डिसेंबरला लोकसभेत मांडले गेले, १७ तारखेला तेथे संमत झाले आणि १८ तारखेला राज्यसभेनेही त्यावर मोहोर उमटविली. १९६२चा अणुऊर्जा कायदा आणि २०१०चा अणुहानी दायित्व कायदा हे दोन्ही त्यामुळे इतिहासजमा होण्याचा मार्ग मोकळा झाला. विधेयक स्थायी समितीकडे वा संयुक्त समितीकडे पाठवावे, ही विरोधकांची मागणी मान्य झाली नाही. चर्चेचा सारा रोख भविष्याकडे होता. खासगी भांडवल किती यावे, परदेशी पुरवठादारांचे दायित्व किती असावे, २०४७ पर्यंत एक लाख मेगावॅटचे उद्दिष्ट कसे गाठावे, हेच विषय दोन्ही बाजूंना महत्त्वाचे वाटले.

उद्दिष्ट मोठे असणे गैर नाही. पण आज देशात जी सुमारे ८,८०० मेगावॅट अणुवीजक्षमता आहे, ती उभी करणाऱ्या संचांपैकी काहींनी चाळिशी ओलांडली आहे आणि तारापूरचे पहिले दोन संच तर पन्नाशीच्याही पुढे गेले आहेत. नव्या भट्ट्यांचे काय, या प्रश्नाला सरकारकडे उत्तर आहे. जुन्या भट्ट्या किती काळ चालवायच्या, हे कोणी, कोणत्या निकषांवर आणि कोणाला उत्तरदायी राहून ठरवायचे, या प्रश्नाचे उत्तर मात्र संसदेसमोर आजवर स्पष्टपणे आलेले नाही. यंत्रे जुनी होतात हे संकट नव्हे. ती केव्हा जुनी झाली हे बंद दाराआड ठरते, ही खरी अडचण आहे.

मुंबईच्या उत्तरेला, आजच्या पालघर जिल्ह्यातील तारापूरपासूनच ही कथा सुरू होते. अमेरिकेशी १९६३ मध्ये झालेल्या करारानुसार जनरल इलेक्ट्रिक कंपनीने तेथे उकळत्या पाण्याच्या तंत्राच्या दोन अणुभट्ट्या बांधल्या आणि ऑक्टोबर १९६९ मध्ये त्यांची व्यापारी वीजनिर्मिती सुरू झाली. मूळ क्षमता प्रत्येकी २१० मेगावॅट. बाष्पजनित्रांच्या नळ्यांतील गळतीमुळे ती पुढे १६० मेगावॅटवर आणावी लागली. १९७४च्या पोखरण चाचणीनंतर अमेरिकेशी इंधनावरून वाद सुरू झाला आणि सुट्या भागांचा मार्गही अडला. तरीही या संचांनी महाराष्ट्र आणि गुजरातला देशातील सर्वांत स्वस्त विजेपैकी वीज दशकानुदशके पुरविली. याचे श्रेय तेथील अभियंते व तंत्रज्ञ यांना निःसंकोच दिले पाहिजे. २००५-०६ मध्ये दोन्ही संच बंद ठेवून आणीबाणीची डिझेल जनित्रे बदलण्यात आली आणि दोन संचांच्या वीजपुरवठ्याच्या व्यवस्था एकमेकींपासून विभक्त करण्यात आल्या. २०२० मध्ये दोन्ही संच पुन्हा थांबले. भट्टीतील पाणी खेळते ठेवणाऱ्या मोठ्या नलिका बदलण्याचे हे काम होते आणि ते वर्षानुवर्षे चालले. त्याच कंपनीच्या, त्याच कुळातील अणुभट्ट्या मार्च २०११ मध्ये जपानच्या फुकुशिमा येथे वितळल्या. तारापूरची मूळ रचना त्यांच्याही आधीच्या पिढीची आहे.

यंत्र जुने होते म्हणजे नेमके काय होते, हे समजून घेतले तर वादाचा धुरळा बराच खाली बसतो. भट्टीच्या मुख्य पोलादी पात्रावर वर्षानुवर्षे न्यूट्रॉनांचा मारा होतो आणि पोलाद हळूहळू ठिसूळ बनते. पोलादी नलिकांच्या जोडांपाशी ताण आणि गरम पाणी यांच्या संयुक्त परिणामाने सूक्ष्म भेगा पडतात. वाफेच्या वाहिन्या आतून झिजून पातळ होतात. विजेच्या तारांवरील आवरण उष्णतेने आणि किरणोत्साराने कडक होऊन तडकते. भारतातील बहुसंख्य भट्ट्या जड पाण्यावर चालणाऱ्या आहेत. २२० मेगावॅटच्या अशा भट्टीत ३०६ आडव्या नळ्या असतात आणि इंधन त्यांतच असते. या नळ्या लांबतात, मध्यभागी वाकतात, हायड्रोजन शोषून ठिसूळ होतात. त्या बदलता येतात. राजस्थानातील रावतभाटाच्या दुसऱ्या संचात हे अवघड काम १९९०च्या दशकात आपल्या अभियंत्यांनी पार पाडले. पुढे मद्रासजवळच्या कल्पक्कम, नरोरा आणि काक्रापार येथेही ते झाले. तारापूरसारख्या भट्टीचे मुख्य पोलादी पात्र मात्र व्यवहारात बदलता येत नाही. त्याचे आयुष्य संपले की भट्टीचे आयुष्य संपले. म्हणून काय बदलता येते आणि काय येत नाही, याची यादी ज्याच्या हाती असते, त्याच्याच हाती भट्टीच्या आयुष्याचा निर्णय असतो.

वय केवळ पंचांगावरून मोजायचे नसते, याचे दोन धडे देशातच मिळाले आहेत. ३१ मार्च १९९३ च्या पहाटे उत्तर प्रदेशातील नरोरा येथे पहिल्या संचाच्या टर्बाइनची दोन पाती तुटली. हायड्रोजन पेटला, वंगणाचे तेल पेटले आणि आगीत विजेच्या तारा जळाल्याने संपूर्ण संच सुमारे १७ तास विजेविना राहिला. नियंत्रण कक्ष धुराने भरल्याने कर्मचाऱ्यांना तो सोडावा लागला. डिझेलवर चालणारे अग्निशामक पंप लावून भट्टी थंड ठेवणाऱ्या आणि अंधारात जिने चढून बोरॉनचे द्रावण सोडणाऱ्या कर्मचाऱ्यांमुळे मोठा अनर्थ टळला. हा संच तेव्हा जुना नव्हता. त्याची व्यापारी वीजनिर्मिती सुरू होऊन जेमतेम दोन वर्षे झाली होती. जुने होते ते इशारे. मुख्य आणि पर्यायी वीजवाहिन्या एकाच मार्गाने नेऊ नयेत, हा धडा अमेरिकेतील ब्राउन्स फेरी केंद्राच्या आगीने १९७५ मध्येच जगाला दिला होता. टर्बाइनच्या पात्यांतील दोषाबाबत मूळ रचनाकार कंपनीने १९८९ मध्येच कळविले होते, पण महामंडळाने वेळेवर हालचाल केली नाही, असे अणुऊर्जा नियामक मंडळाचे माजी अध्यक्ष डॉ. ए. गोपालकृष्णन यांनी पुढे जाहीरपणे लिहिले.

दुसरा धडा गुजरातमधील काक्रापारचा. तेथील पहिल्या संचातील नळ्या बदलून २०११ च्या सुमारास तो पुन्हा सुरू झाला होता. नव्या मिश्रधातूच्या या नळ्या पंचवीसहून अधिक वर्षे टिकाव्यात अशी अपेक्षा. प्रत्यक्षात ११ मार्च २०१६ रोजी, फुकुशिमा दुर्घटनेला बरोबर पाच वर्षे पूर्ण होत असताना, त्यांपैकी एक नळी फुटून जड पाण्याची गळती झाली. नळ्यांभोवती खेळविल्या जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइड वायूतील अशुद्धीमुळे त्या बाहेरून कुरतडल्या गेल्याचे तपासात आढळले. त्याच केंद्राच्या दुसऱ्या संचात २०१५ मध्येच गळती झाली होती. दोन्ही संचांच्या साऱ्या नळ्या बदलाव्या लागल्या. कागदावर तरुण असलेले यंत्र आतून म्हातारे झालेले असू शकते, हा याचा अर्थ.

हा आपल्याच देशाचा दोष आहे असे समजण्याचे कारण नाही. जपानमधील मिहामा केंद्राच्या तिसऱ्या संचात ९ ऑगस्ट २००४ रोजी वाफेच्या यंत्रणेतील एक वाहिनी फुटून पाच कामगारांचा मृत्यू झाला. मूळ दहा मिलिमीटर जाडीची ही वाहिनी झिजून दोन मिलिमीटरहूनही पातळ झाली होती. १९७६ मध्ये संच सुरू झाल्यापासून त्या जागेची तपासणी एकदाही झाली नव्हती, कारण तपासणीच्या यादीत तिचे नावच नव्हते. नियमित तपासणीसाठी संच थांबायला अवघे काही दिवस उरले होते. अमेरिकेत ओहायो राज्यातील डेव्हिस-बेसी केंद्राची कथा याहून बोलकी आहे. भट्टीच्या झाकणाला भेगा पडत असल्याची शंका आल्यावर तेथील नियामक आयोगाने २००१ च्या अखेरपर्यंत तपासणी करा, असे सांगितले. कंपनीने मुदत मागितली. ती फेब्रुवारी २००२ पर्यंत मिळाली. मार्चमध्ये पाहतात तो आम्लाने सुमारे सहा इंच जाडीचे पोलाद खाऊन टाकलेले आणि प्रचंड दाबाच्या पाण्याला केवळ तीन अष्टमांश इंचाच्या आतल्या अस्तराने रोखून धरलेले. मुदत देताना कंपनीच्या आर्थिक नुकसानीचा विचार झाला होता, असा निष्कर्ष त्या आयोगाच्याच महानिरीक्षकांनी काढला. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, अमेरिकेत नियामकाची चूक नियामकाच्याच दुसऱ्या हाताने शोधली आणि ती जनतेसमोर ठेवली.

आपल्याकडे हा दुसरा हात आहे कोठे? अणुऊर्जा नियामक मंडळ १५ नोव्हेंबर १९८३ रोजी एका शासकीय आदेशाने स्थापन झाले. संसदेच्या स्वतंत्र कायद्याने नव्हे. हे मंडळ अणुऊर्जा आयोगाला उत्तरदायी. आयोगाचे अध्यक्ष हेच अणुऊर्जा विभागाचे सचिव. आणि अणुवीज केंद्रे चालविणारे महामंडळ याच विभागाखाली. परीक्षार्थी आणि परीक्षक एकाच घरात राहत असतील, तर निकालावर विश्वास ठेवा असे शेजाऱ्यांना किती वेळा सांगणार? डॉ. गोपालकृष्णन १९९३ ते १९९६ या काळात मंडळाचे अध्यक्ष होते. त्यांच्या कारकिर्दीत १९९५ मध्ये विभागाच्या संस्थांतील सुरक्षाविषयक उणिवांची सुमारे १३० मुद्द्यांची यादी तयार झाली. ती गोपनीय ठरली. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज आणि बॉम्बे सर्वोदय मंडळ यांनी ती खुली करावी यासाठी मुंबई उच्च न्यायालयाचे दार ठोठावले. तेथे यश आले नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २००४ मध्ये १९६२ च्या कायद्यातील गोपनीयतेचे कलम १८ वैध ठरवून सरकारची बाजू उचलून धरली. त्या यादीतील किती उणिवा दूर झाल्या, हे सांगण्याचे काम पुन्हा त्याच विभागाकडे राहिले.

संसदेने या प्रश्नाकडे अगदीच पाठ फिरविली, असे म्हणता येणार नाही. फुकुशिमानंतर तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी सर्व केंद्रांच्या सुरक्षेचा फेरआढावा घेण्याची घोषणा सभागृहात केली. सप्टेंबर २०११ मध्ये स्वतंत्र अणुसुरक्षा नियामक प्राधिकरणाचे विधेयक लोकसभेत मांडले गेले आणि स्थायी समितीने मार्च २०१२ मध्ये त्यावर अहवालही दिला. नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा अहवाल ऑगस्ट २०१२ मध्ये पटलावर आला. नियामक मंडळाला नियम करण्याचा अधिकार नाही आणि दंडाची रक्कम नगण्य आहे, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. तीस वर्षे उलटून गेलेल्या आणि बंद पडलेल्या संचांसह एकाही केंद्राकडे भट्टी मोडीत काढण्याचा आराखडा नाही, अशीही नोंद होती. डॉ. मुरली मनोहर जोशी यांच्या अध्यक्षतेखालील लोकलेखा समितीने डिसेंबर २०१३ मध्ये हाच सूर अधिक कठोरपणे लावला. पुढे काय झाले? पंधरावी लोकसभा २०१४ मध्ये विसर्जित झाली आणि विधेयक व्यपगत झाले. मार्च २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या तज्ज्ञ पथकानेही नियामकाला कायद्याने स्वतंत्र स्थान द्या, असे सुचविले. त्यानंतर दहा वर्षे गेली.

या पार्श्वभूमीवर २०२५ च्या कायद्याने नियामक मंडळाला वैधानिक दर्जा दिला, याचे स्वागतच केले पाहिजे. उशिरा का होईना, एक जुनी मागणी मान्य झाली. परंतु वैधानिक दर्जा म्हणजे स्वातंत्र्य नव्हे. मंडळावरील नेमणुका केंद्र सरकारच्याच हाती आहेत आणि कोणती माहिती गोपनीय मानायची, हे ठरविण्याचा अधिकारही सरकारने सोडलेला नाही. दुसरीकडे खासगी कंपन्यांना या क्षेत्राचे दार उघडले आहे. सरकारी महामंडळाला भट्टी दोन महिने आधी बंद करणे जड जात असेल, तर भागधारकांना उत्तर देणाऱ्या कंपनीला ते किती जड जाईल? डेव्हिस-बेसीचा धडा तोच आहे. जोवर मालक आणि नियामक दोघेही सरकारी होते, तोवर गोपनीयतेचे समर्थन देशहिताच्या नावाने होत असे. खासगी मालकाची गोपनीयता मात्र व्यापारी गुपित ठरते. तिला देशहिताचे कवच कशासाठी?

अणुऊर्जा विभागाची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. दर पाच वर्षांनी परवान्याचे नूतनीकरण आणि दर दहा वर्षांनी सर्वंकष सुरक्षा आढावा ही पद्धत आपल्याकडे रूढ आहे. नरोरा आणि काक्रापार येथे भट्टी सुरक्षितपणे थंड ठेवण्यात यश आले. धोक्याची चाहूल लागताच संच थांबविण्याचे निर्णयही झाले आहेत. कल्पक्कमचा पहिला संच २०१८ मध्ये असाच थांबविण्यात आला. कोळशाच्या धुराने आणि खाणींतील अपघातांनी जाणारे बळी मोजले, तर अणुवीज अधिक घातक आहे असे म्हणणे कठीण आहे. हे सारे मान्य केले तरी मूळ प्रश्न उरतोच. काम चोख होत असेल, तर ते दाखविण्यात संकोच कसला? इंधन कोठे ठेवले आहे, पहारा किती आहे, ही माहिती गुप्त राहिलीच पाहिजे. पण एखाद्या नलिकेची जाडी किती उरली आणि तपासणी पुढे ढकलण्याची परवानगी कोणी दिली, ही माहिती शत्रूच्या उपयोगाची नसते. ती पालघर, सुरत आणि कोटा जिल्ह्यांतील नागरिकांच्या उपयोगाची असते.

मोडीत काढण्याचा प्रश्न तर आणखी दुर्लक्षित आहे. कॅनडाच्या साहाय्याने उभारलेला रावतभाटाचा पहिला संच १९७३ मध्ये सुरू झाला, १९८०च्या दशकाच्या प्रारंभी त्याच्या टोकाकडील संरक्षक आवरणाला तडे गेले आणि २००४ पासून तो बंद आहे. बंद म्हणजे काय? वीज देत नाही, आणि मोडलाही गेलेला नाही. अणुवीज ग्राहकाकडून या कामासाठी प्रतियुनिट दोन पैसे घेतले जात. हा दर पुरेसा आहे का, याचा वेळेवर आढावा झाला नाही, यावरही महालेखापरीक्षकांनी बोट ठेवले होते. ज्या पिढीने तारापूरची स्वस्त वीज वापरली, तिने त्या विजेची पूर्ण किंमत मोजलेली नाही. उरलेले बिल पुढच्या पिढीच्या नावावर चढत आहे. आणि मोडीत काढण्याचा खर्च समोर दिसत असला की भट्टीचे आयुष्य आणखी पाच वर्षांनी वाढविण्याचा मोह बळावतो, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही.

राजधानीतील कार्यालयांत फायली हाताळणाऱ्या वाचकांना या मोहाची भाषा परिचित असेल. फायलीवर 'तूर्तास स्थगित' असा शेरा पडतो, त्याखाली सही होते आणि सही करणारा पुढच्या नेमणुकीवर निघून जातो. शेरा मात्र राहतो. पुलाच्या वा इमारतीच्या बाबतीत अशा शेऱ्याची किंमत एका गावाला मोजावी लागते. अणुभट्टीच्या बाबतीत ती किती जिल्ह्यांना, किती पिढ्यांना मोजावी लागेल, याचा हिशेब कोणी करू शकत नाही. म्हणूनच हा शेरा एकट्या अधिकाऱ्याच्या सद्सद्विवेकावर सोडणे, हा त्या अधिकाऱ्यावरही अन्याय आहे.

संसदेला यासाठी नवा कायदा करावा लागणार नाही. नव्या कायद्याखालील नियम सभागृहांसमोर येतील तेव्हा चार गोष्टींचा आग्रह धरता येईल. पहिली, तीस वर्षे ओलांडलेल्या प्रत्येक संचाच्या सुरक्षा आढाव्याचा सारांश, पहाऱ्याशी संबंधित तपशील वगळून, दोन्ही सभागृहांच्या पटलावर ठेवला जावा. दुसरी, तपासणी वा दुरुस्ती पुढे ढकलण्याची प्रत्येक परवानगी कारणासह आणि परवानगी देणाऱ्याच्या पदनामासह प्रसिद्ध व्हावी. तिसरी, नियामक मंडळाच्या अध्यक्षांना वर्षातून एकदा स्थायी समितीसमोर अणुऊर्जा विभागाच्या सचिवांविना हजर राहण्याची मुभा आणि बंधन असावे. चौथी, मोडीत काढण्याच्या निधीचा हिशेब संचवार मांडला जावा. यांपैकी एकाही मागणीने एक मेगावॅट वीज कमी होणार नाही.

१९९५ ची ती यादी आज तीस वर्षांची झाली आहे. तिच्यात काय होते, हे या देशाच्या संसदेला अजूनही अधिकृतपणे ठाऊक नाही. एक लाख मेगावॅटचे स्वप्न ज्या विश्वासावर उभे राहायचे आहे, तो विश्वास नव्या भट्टीच्या भूमिपूजनाने निर्माण होणार नाही. एखादी जुनी भट्टी बंद करण्याचा निर्णय नियामकाने घेतला, सरकारने तो मुकाट्याने मानला आणि त्यामागची कारणे सभागृहाच्या पटलावर आली, तरच तो निर्माण होईल. नव्या कायद्याची पहिली कसोटी तीच आहे.